रत्नागिरीची दोन घरं आणि मधलं मंडाले

रत्नागिरीला गाडीने जायचं म्हटलं की प्लॅन जवळपास आपोआपच ठरतो. गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता, एक संध्याकाळ भाट्याच्या किनाऱ्यावर, मासे, येताना फणसपोळी आणि कोकम, आणि या सगळ्यात कुठेतरी "वेळ मिळाला तर" या खात्यात थिबा पॅलेस. वेळ अर्थातच मिळत नाही, किंवा मिळतो तो दुपारी जेवण झाल्यावरचा, जेव्हा सगळ्यांचे डोळे मिटत असतात आणि मुलांना पाण्यात जायचं असतं. मग आत एक चक्कर, बाहेर एक फोटो, संपलं. मी स्वतः तो वाडा शाळेच्या सहलीत असाच बघितलाय आणि तेव्हापासून मनात आहे की एकदा फक्त या घरासाठी रत्नागिरीला जायचं, समुद्र नंतर. या डिसेंबरात ते जमवतेय.

बरोबर आत्या आहे, वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त. नवरा आहे, तो गाडी चालवणार, आणि लेक आहे, सातवीतला. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "मला टिळकांचं घर बघायचंय बाई, तुझ्या त्या राजाचं तू बघ." आणि तिच्या या वाक्यावरूनच माझा सगळा प्लॅन उभा राहिला, कारण ही दोन घरं एकाच गावात आहेत आणि त्यांचा एकमेकांशी जो संबंध आहे तो कुठल्या गोष्टीत वाचला असता तर मी म्हटलं असतं की लेखकाने मुद्दाम जुळवलंय.

बघा ना. लोकमान्य टिळक २३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्मले. थिबा राजा ब्रह्मदेशचा, मंडालेचा, त्याला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं आणि तो १९१६ ला इथेच वारला. आणि १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा त्यांना पाठवलं कुठे, तर मंडालेला. म्हणजे रत्नागिरीचा माणूस मंडालेच्या तुरुंगात आणि मंडालेचा राजा रत्नागिरीच्या बंदिवासात, एकाच वेळी, सहा वर्षं. त्यातही १९१० च्या अखेरीस थिबा राजा नव्या राजवाड्यात राहायला आला आणि त्याच हिवाळ्यात तिकडे टिळक लाकडी फळ्यांच्या कोठडीत बसून पेन्सिलीने गीतारहस्य लिहीत होते. शाई द्यायला परवानगी नव्हती म्हणून पेन्सिल. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तारखा पुन्हा पुन्हा जुळवून बघितल्या.

तर माझं म्हणणं असं आहे की जुनं घर बघायला जाताना त्याची गोष्ट आपण गाडीतून बरोबर न्यायची असते. किल्ल्यावर तट-बुरूज तरी बोलतात, देवळात मूर्ती असते. घरात काय असतं, रिकाम्या खोल्या. माणसं गेली, सामान गेलं, राहिल्या भिंती, खिडक्या आणि जिना. थिबा पॅलेसमध्ये आता पुरातत्त्व खात्याचं प्रादेशिक संग्रहालय आहे, मूर्ती आहेत, राजाच्या काळच्या मोजक्या गोष्टी आहेत, पण जो माणूस काहीच माहीत नसताना आत जातो त्याला एक मोठी जुनी इमारत दिसते आणि तो वीस मिनिटांत बाहेर येतो. त्यात त्याची चूक नाही. त्याला कोणी आधी सांगितलेलंच नसतं. आणि पुणे ते रत्नागिरी सात-आठ तास गाडीत बसायचंच आहे, तर एवढा वेळ सांगायला दुसरीकडे कुठे मिळणार.

रस्ता मी असा ठरवलाय. पहाटे पाच-साडेपाचला निघायचं, खेड शिवापूर, आणेवाडी हे टोल उजाडायच्या आसपास पार करायचे, आणि कराडपर्यंत न जाता उंब्रजलाच उजवीकडे वळायचं. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. कराडच्या गर्दीत शिरावं लागत नाही आणि तासवडेचा टोलही लागत नाही, आमच्याकडचे बरेच लोक हाच रस्ता घेतात. चिपळूणला हायवे लागला की सावर्डे, संगमेश्वर, हातखंबा आणि तिथून उजवीकडे रत्नागिरी. येताना मात्र आंबा घाटाने यायचं, म्हणजे पाली, नाणीज, साखरपा, घाट चढून मलकापूर आणि मग कोल्हापूरच्या बाजूने हायवेला. थोडं लांब पडतं पण त्याच रस्त्याने परत येण्यापेक्षा बरं, आणि आत्याला अंबाबाईचं दर्शन हवंच आहे, तिने ते आधीच सांगून ठेवलंय.

उंब्रजपर्यंत गोष्ट नाही सांगायची, सगळे अर्धवट झोपेत असतात. पाटणला चहा-नाश्ता झाला की सुरू.

पहिला भाग मंडालेचा, आणि तो सागवानापासून सुरू होतो. मुंबईची एक कंपनी होती, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, १८६३ साली स्थापन झालेली, ती ब्रह्मदेशच्या जंगलातून सागवान काढायची. राजाच्या दरबाराचं म्हणणं पडलं की कंपनी ओंडके कमी दाखवते आणि हक्काचे पैसे बुडवते, म्हणून दरबाराने दंड ठोठावला २३ लाख रुपयांचा. इंग्रजांना निमित्त हवंच होतं, फ्रेंचांशी राजाची बोलणी चाललीयत याची धास्तीही होती. नोव्हेंबर १८८५ मध्ये इरावती नदीतून बोटी भरून फौज वर आली आणि दोन आठवड्यांत सगळं संपलं. २९ नोव्हेंबरला सत्तावीस वर्षांचासुद्धा न झालेला राजा, राणी सुपयालत, लहान मुली, राजवाड्यातून बाहेर आणले, बैलगाडीत बसवले आणि नदीकाठी नेऊन बोटीवर चढवले. लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रडत होते म्हणतात. आधी मद्रास, आणि मग एप्रिल १८८६ मध्ये समुद्रमार्गे रत्नागिरी.

आता रत्नागिरीच का, हा प्रश्न लेक विचारणारच, आणि त्याचं उत्तर मी मुद्दाम कुंभार्ली घाट उतरताना देणार आहे. कारण रत्नागिरीला पोचणं अवघड होतं. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद आणि घाटातून येणं म्हणजे दिवसच्या दिवस. राजाला सोडवायला कोणी येणार नाही आणि राजाची कुणाला फार आठवणही राहणार नाही असं ठिकाण इंग्रजांनी नकाशावर बोट ठेवून शोधलं. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं, म्हणजे राजा आला त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं. घाटातली वळणं, खाली दरीतली धुक्याची पट्टी, पुढचा ट्रक हळूहळू उतरतोय, कान बंद होतायत, आणि त्याच वेळी हे ऐकलं की "लांब" म्हणजे काय ते मुलाच्या पोटातच उतरेल. (पोटाचं म्हणाल तर घाटात आत्या पुढे बसणार, आल्याच्या वड्या डॅशबोर्डवर, आणि चिपळूण येईपर्यंत कोणी मोबाईलमध्ये बघायचं नाही.)

चिपळूणनंतरचा भाग आत्याचा. टिळकांचं ती सांगणार, मी मधे बोलणार नाही. तिला ते तोंडपाठ आहे, १९०८ चा खटला, २२ जुलैला सुनावलेली शिक्षा म्हणजे बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आधी साबरमती आणि मग मंडाले. ती नेहमी एका ठिकाणी थांबते, सत्यभामाबाईंपाशी. १९१२ च्या जूनमध्ये पुण्यात त्या गेल्या आणि टिळकांना तुरुंगात तारेने कळलं, परत येणं शक्यच नव्हतं. सुटका व्हायला अजून दोन वर्षं होती. आत्या म्हणते, "एवढी मोठी माणसं, पण घरचं माणूस गेलं तेव्हा खांद्यावर हात ठेवायला कोण होतं तिथं?" आणि मग गप्प बसते. गंमत नाही हो, अगदी त्याच वर्षी, १९१२ लाच, रत्नागिरीत थिबाची धाकटी राणी वारली. राजाही परक्या मुलखातच होता, त्यालाही आपल्या माणसांत जाऊन रडता आलं नाही. हे आत्याला अजून माहीत नाही, मी ते राखून ठेवलंय.

रत्नागिरीत पोचल्यावर त्या दिवशी काही बघायचं नाही. जेवायचं आणि झोपायचं. आमच्याकडे सगळ्यांना पोचल्या पोचल्या बाहेर पडायची सवय आहे आणि त्यात माझं मत आहे की दमलेल्या माणसाने जुनं घर बघू नये, त्याला फक्त पायऱ्या दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी टिळकांचं घर. टिळक आळीत आहे, गावाच्या मधोमध, गल्ल्या अरुंद, म्हणून गाडी हॉटेलवर ठेवायची आणि रिक्षाने जायचं, उगाच नवऱ्याचा सकाळी सकाळी पार्किंगवरून मूड जायला नको. कोकणातलं असतं तसं कौलारू घर आहे, जांभ्या दगडाचं, उतरतं छप्पर, अंगण. आत टिळकांच्या आयुष्यातले प्रसंग, फोटो, माहिती लावलेली आहे. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, १८६६ ला त्यांची बदली पुण्याला झाली आणि दहा वर्षांचा मुलगा रत्नागिरी सोडून गेला. हे घर छोटं आहे हे बघायला मला जायचंय. जांभा दगड हाताला खरखरीत लागतो, बारीक बारीक भोकं असतात त्यात, पावसाळ्यात शेवाळून काळा होतो आणि डिसेंबरात वाळून पुन्हा तांबूस दिसायला लागतो. लेकाला सांगणार आहे की भिंतीला हात लावून ठेव आणि लक्षात ठेव, दुपारी लागेल.

कारण दुपारी ज्या राजवाड्यात जायचंय तोही जांभ्याचाच आहे. तोच दगड, तीच माती. एक शिक्षकाचं घर आणि एक राजाचा बंदिवास, दोन्ही एकाच दगडातून उभे राहिलेत. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे, आधी छोटं घर, मग मोठं. उलट केलं तर टिळकांचं घर बघताना "एवढंसंच?" असं होतं, आणि ते मला नको आहे.

थिबा पॅलेस गावाबाहेर उंचावर आहे, खाली काजळी नदी भाट्याच्या खाडीत समुद्राला मिळताना दिसते. तीन मजली, लाल-तांबड्या भिंती, उतरती छपरं, आणि लाकूडकाम ब्रह्मदेशच्या सागवानाचं. इथे आलं की उंब्रजनंतर सांगितलेला पहिला भाग पुन्हा काढायचा. ज्या सागवानावरून भांडण उकरून काढून राज्य घेतलं, तेच सागवान राजाला कोंडायच्या घराला वापरलं. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, चांगलं लाकूड म्हणून आणलं असेल, पण त्या कठड्यावर हात ठेवून उभं राहिलं की राजाच्या मनात हे कधी आलं असेल का हा विचार पाठ सोडत नाही. या वाड्याच्या नकाशात राजाने स्वतः लक्ष घातलं होतं. आपला तुरुंग कसा असावा हे स्वतः सांगायचं, त्यात दरबाराची जागा ठेवायची, मागे बुद्धमूर्तीसाठी जागा करायची.

सहलीत बघितलेली एकच गोष्ट मला लख्ख आठवते, ती म्हणजे खिडक्या. वरच्या बाजूला अर्धवर्तुळाकार लाकडी चौकटी आणि त्यांत रंगीत काचा. ऊन कललं होतं आणि माझ्या युनिफॉर्मच्या पांढऱ्या बाहीवर एक लाल आणि त्याला लागून एक निळा तुकडा पडला होता. मी हात हलवला की तो मनगटावरून कोपरापर्यंत सरकायचा. बाई रांगेत चला म्हणून ओरडत होत्या आणि मला तिथून हलायचं नव्हतं. राजाच्या चार मुलींपैकी कुणीतरी असाच हात धरून बघितला असेल, हे आता वाटतं. त्या वाड्यात राहायला आल्या तेव्हा त्या मोठ्या झालेल्या होत्या, थोरलीचं तर अर्धं आयुष्य ठरून गेलेलं होतं. म्हणून आम्ही दुपारी उशिराच जाणार, ऊन तिरकं झाल्यावर. पण त्यासाठी बंद व्हायची वेळ आधी फोन करून विचारणं आलं, आणि सरकारी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात हे तर डोक्यात ठेवायलाच हवं. मी गुरुवार ते शनिवार घेतलेत ते त्यासाठीच. शनिवार-रविवारच्या गर्दीत अशा घरात उभं राहता येत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. राजा रत्नागिरीत तीस वर्षं राहिला पण या राजवाड्यात फक्त शेवटची सहा. त्याआधीची चोवीस वर्षं बंगल्यात काढली, कमी जागेत, गळत्या छपराच्या तक्रारी करत, पोलिसांच्या पहाऱ्यात. पैसे पुरायचे नाहीत, बरोबर आणलेले दागिने गावातल्या सावकारांकडे जायचे. तरी सणावाराला गावात पैसे वाटायचा, रत्नागिरीकरांनी त्याला राजा म्हणूनच वागवलं. थोरल्या राजकन्येचं प्रेम जमलं ते त्या बंगल्यातल्याच काळात, दरवाजावर असणाऱ्या गोपाळ सावंतांशी. ते आधीच लग्न झालेले. मुलगी झाली १९०६ साली, टुटू. पुढे राजकन्या एकदा रंगूनला जाऊन पुन्हा रत्नागिरीलाच परत आली आणि इथेच १९४७ ला वारली, गरिबीत. टुटू याच गावात वाढली, संसार केला, मराठीच बोलायची, कागदाची फुलं करून विकायची, आणि २००० साली गेली. म्हणजे मी सहलीला आले होते तेव्हा ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाची नात याच गावात हयात होती आणि आम्हाला ते कोणी सांगितलं नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं. बाईंनाही माहीत नसणार.

तिकडे मंडालेच्या राजवाड्यात इंग्रजांनी क्लब काढला होता, मग व्हाइसरॉय कर्झनने तो तिथून हलवायला लावला, आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तो सगळा लाकडी राजवाडा जळून गेला. नंतर तिथे पुन्हा बांधलाय तो नवा. म्हणजे थिबा ज्या घरांत राहिला त्यांतलं धड उभं असलेलं मोठं घर आपल्याकडे आहे, कोकणात. ही छोटी जबाबदारी नाही असं मला वाटतं, आणि ते घर नीट ठेवायला लोकांनी तिथे नीट वेळ देऊन जाणं हा पहिला भाग आहे. तिकीट काढून, दोन तास थांबून, प्रश्न विचारून. प्रश्न विचारणारे लोक यायला लागले की माहितीचे फलकही सुधारतात.

शनिवारी सकाळी परत निघायच्या आधी राजाची समाधी. शिवाजीनगर भागात आहे, राजाची आणि शेजारी धाकट्या राणीची. तो १९१६ च्या डिसेंबरात गेला पण राणी सुपयालतचा हट्ट होता की देह मंडालेला न्यायचा, इंग्रज तयार नव्हते, आणि शेवटी १९१९ साली दफन रत्नागिरीतच झालं. त्याच वर्षी राणीला परत जाऊ दिलं, पण मंडालेला नाही, रंगूनला. ती १९२५ ला तिथे वारली आणि तिची समाधी श्वेडगॉन पॅगोडाजवळ आहे. आणि त्याच पॅगोडाच्या जवळ आपला बहादूरशहा जफर आहे, ज्याला इंग्रजांनी १८५८ ला दिल्लीहून रंगूनला पाठवलं होतं. आपला बादशहा तिकडे, त्यांचा राजा इकडे. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन या समाधीला नमस्कार करून गेले. आत्याला मी हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मग तिथं फुलं घेऊन जाऊया. आपल्या गावात वारलाय तो, आपल्याकडून कुणीतरी वाहायला हवीत." तिचं गाव वाई, रत्नागिरी नाही, पण तिला ते "आपलं" वाटलं.

बाकी कामं चालू आहेत. हॉटेलवाल्यांना तळमजल्याची खोली मागितलीय, त्यांनी हो म्हटलंय. राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर आत्याला जिना चढवेल का ते तिथे बघू, नाही चढवला तर ती खाली बुद्धमूर्तीपाशी बसेल आणि मी वरून फोटो काढून आणेन, हे तिला मान्य आहे. टायरची हवा, फास्टॅगचा बॅलन्स, घाटासाठी ब्रेक बघून घेणं नवऱ्याकडे. लेकाने वहीत प्रश्न लिहायला सुरुवात केलीय: राजा कुठल्या खोलीत झोपायचा, राजकन्यांना शिकवायला कोण यायचं, ते घरात बर्मी बोलायचे तर बाजारात कुठल्या भाषेत बोलायचे, आणि चोवीस वर्षं राहिले तो जुना बंगला नेमका कुठे होता. शेवटचा प्रश्न मलाही पडलाय. शुक्रवारी संग्रहालयात तोच आधी विचारायचा असं आमचं दोघांचं ठरलंय, आणि जागा कळली तर संध्याकाळी भाट्याला न जाता तिकडे गाडी वळवायची.